मानकोलीचा ट्रॅफिक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — देवापाशीसुद्धा आडूनआडूनच. पाळक माणूस मी. भिवंडीत लूमच्या कारखान्यावर एक हॉल आहे, तिथे दर रविवारी लोकांना पापं कबूल करायला सांगतो. स्वतःचं मात्र दहा वर्षं गिळून बसलोय. आता थकलो, खरं सांगतो.

बायको कॅथलिक घरातली. लग्नानंतरही ती आईबरोबर ठाण्याच्या चर्चमध्ये मिसाला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जायची, मी माझ्या प्रोटेस्टंट मंडळीत. तिच्या फादरांशी माझे वाद ठरलेले. देव आणि माणूस यांच्यात दलाल कशाला हवा, असं मी त्यांना तोंडावर विचारायचो. ते नुसते हसायचे — त्या हसण्याचाच मला राग यायचा.

सासूबाई शेवटच्या आजारपणात आमच्याकडे होत्या. एका सकाळी म्हणाल्या, फादरांना बोलवा. मरणाआधी त्यांच्या हातचं तेल कपाळाला लागावं, एवढीच इच्छा. बायको आईला सोडून हलेना. तुम्ही फोन लावा, म्हणाली.

मी मोबाईल घेऊन गॅलरीत गेलो. थोड्या वेळानं आत येऊन सांगितलं, निघालेत. दुपारी सांगितलं, मानकोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलेत. मानकोलीचं नाव घेतलं की इथे कोण शंका काढणार?

"फादर न्हाय आलं अजून?" सासूबाई दर थोड्या वेळानं विचारायच्या. येतायत, मी म्हणायचो. आणि उशाशी बसून मीच प्रार्थना करायचो — चांगली मोठ्यानं. त्यांचं लक्ष दाराकडे. तशाच, दाराकडे बघत, संध्याकाळी गेल्या.

फोन मी लावलाच नव्हता.

का? माझ्याच घरात माझ्या प्रार्थनेपेक्षा त्यांचं तेल मोठं ठरावं, हे मला सोसवेना. श्रद्धेचा प्रश्न होता, असं स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं. नव्हता. माज होता नुसता.

दफनाच्या दिवशी बायको फादरांना नको नको ते बोलली. आईनं जन्मभर तुमच्या चर्चची पायरी झिजवली, आणि तुम्हाला एक दिवस यायला जमलं नाही? फादरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं — मला दिसलं कळलेलं. तरी ते काही बोलले नाहीत, आणि मीही नाही.

त्यानंतर ती मिसाला गेली नाही. माझ्या मंडळीत येऊ लागली, आणि मी तो विजय मानला. गेल्या रविवारीही तिनं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली — आई जाताना फादर आले नाहीत, माझा नवरा मात्र उशाशी होता.

मी आमेन म्हणालो.