काचेवरचा नंबर

सावेडीतल्या माझ्या विम्याच्या ऑफिससमोर एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार थांबली आणि तिच्यातून पांढरी टोपी घातलेले गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आले. घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करतो, एवढंच त्यांनी सांगितलं. नाव अर्जावर आहे, इथे नको.

मी गाडीसाठी तीन कंपन्यांच्या पॉलिसी पुढे ठेवल्या. बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी प्रत्येकीचं शेवटचं पान आधी उघडलं.

"काय मिळत न्हाई, ते आदी सांगा," म्हणाले.

मी सांगत गेलो. त्यांनी दोन बाजूला सारल्या, एक ठेवली. ती सगळ्यांत स्वस्त नव्हती, पण तिच्यात पळवाटा कमी होत्या.

मग त्यांनी विचारलं, "आनि माझ्या गाडीखाली कोनी आलं तर?"

"ती भरपाई तिन्हींत सारखीच. कायद्यानंच आहे."

"पर त्याच्या घरच्यांला कळंल कसं?"

वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"बाप उसाच्या बैलगाडीवर हुता," ते टोपी काढत म्हणाले. "मोटार ठोकून निघून गेली. आमी कुनाकडं जायचं, तेच कळलं न्हाई."

पॉलिसी निघाल्यावर त्यांनी माझ्याकडून एका कागदावर जाड अक्षरांत पॉलिसीचा आणि माझ्या फोनचा नंबर लिहून घेतला. तो पुढच्या काचेला आतून, आकडे बाहेर करून चिकटवला आणि गाडीत बसले.

त्यांच्या बाजूला कागद कोरा होता.