कानाला पडलेले घट्टे

गणपती महिनाभर लांब होते आणि माझ्या मुलीच्या बोटांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या. ती ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. कॉलेज सुटलं की नदीपात्रात सराव, आणि घरी आली की पट्ट्या सोलत बसायची. त्या संध्याकाळी सोलता सोलता सहज म्हणाली, "आज कान पण वाजतायत. टीऽऽ असं. पण पथकातले दादा म्हणाले, हाताला पडतात तसे कानालाही घट्टे पडतात. थोडे दिवस वाजतात, मग सवय होते."

माझी तव्यावरची पोळी करपली. पोटापाण्यासाठी मी जे करते ते हेच आहे. प्रयोगशाळेत उंदरांना मोठा आवाज ऐकवायचा आणि त्यांच्या कानाचं काय होतं ते बघायचं.

उंदराला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून पिंजरा एका बंद पेटीत ठेवतात. वर स्पीकर. दोन तास आवाज. नंतर भूल देऊन, कातडीखाली बारीक सुया लावून ऐकणं तपासायचं. दुसऱ्या दिवशी उंदराला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासलं की सगळं जागेवर. इथेच थांबलं तर कुणीही म्हणेल, झाली सवय! पण आम्ही तिथे थांबत नाही. उंदीर मारून कानातला तो गोगलगायीसारखा शंख काढतो, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. ऐकणाऱ्या पेशी शाबूत असतात, पण त्यांना मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंशी बांधणारे जोड जागोजागी गेलेले असतात. शांत खोलीत अशा कानाचं काही अडत नाही. चार आवाज एकत्र आले की मात्र त्यातला एक वेगळा काढणं अवघड होत असावं, असा आमचा संशय.

हे सगळं मी जेवताना तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी उंदीर आहे का?"

बरोबर होतं तिचं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आमच्या प्रत्येक अहवालात शेवटी लिहितो. पण मला त्या रात्री भीती वाटली, आणि भीती वाटली की मी भांडते.

दुसऱ्या दिवशी आवाज मोजायचं यंत्र पर्समध्ये घालून मी सरावाला गेले. ताशे पुढे, ढोल मागे. काड्या पडायला लागल्या तसा यंत्रावरचा आकडा आमच्या पेटीतल्या आकड्याच्या वर गेला आणि खाली येईना. पोरं घामाने निथळत होती, खूश होती. खरं सांगायचं तर माझेही पाय ठेका धरत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मध्यंतरात मी पथकप्रमुखांना, म्हणजे त्या दादांना, कानात घालायची फोमची बोंडं दाखवली. ते अदबीने म्हणाले, "काकू, कानात बोळे घालून ताशा वाजवायचा म्हणजे हातमोजे घालून जेवायचं. आणि परवानगी आहे आमच्याकडे, सगळी रीतसर."

"आमच्याकडेही असते," मी म्हटलं. "उंदराला इतका आवाज का ऐकवायचा, ते समितीपुढे पटवून द्यावं लागतं."

दादा हसले. मुलगी हसली नाही. चारचौघांत आईने यंत्र काढल्यामुळे तिने दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी मीच हट्टाने तिला शनिवार पेठेतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या शांत खोलीत हेडफोन लावून तिने प्रत्येक बारीक टींग ओळखला. डॉक्टरांनी आलेख माझ्यापुढे सरकवला. "कान उत्तम आहेत. आईचं ऐकायचं की नाही, हा कानाचा आजार नाही."

मुलगी परत येताना स्कूटरवर गात होती. आणि मी तो आलेख घेऊन मागे बसले होते, अगदी आमच्या उंदरांच्या आलेखासारखा, स्वच्छ. उंदराचा कान उघडून बघता येतो. मुलीचा नाही.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी मिक्सरमध्ये चटणी वाटत होते. ती मागे टेबलाशी बसून बोटांना नव्या पट्ट्या लावत होती. पाठमोरीच मी विचारलं, फेटा इस्त्रीला द्यायचाय का? उत्तर नाही. पुन्हा, जरा मोठ्याने. नाही. मिक्सरपुढे कुणालाच नीट ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. पण गेल्या वर्षी याच मिक्सरच्या आवाजातही ती आतल्या खोलीतून मला उलट उत्तरं द्यायची.

मी वळले आणि तोच प्रश्न तेवढ्याच आवाजात विचारला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "नको, दिलाय. अगं, तोंड इकडे करून बोलत जा ना. पथकात आम्ही सगळे तसंच बोलतो."

बोलून झालं आणि तिचा हात पट्टीवर थांबला. ती हुशार आहे. महिनाभर मी जे ओरडून सांगत होते, ते तिला स्वतःच्याच वाक्यात सापडलं.

"आई," ती म्हणाली, "ते जोड गेलेले उंदीर. त्यांचे परत येतात?"

मी मिक्सर बंद केला. हे उत्तर तिला माझ्या तोंडाकडे न बघता ऐकू यायला हवं होतं. मी पुन्हा ओट्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "नाही गं."

मग मागे खुर्ची सरकली, आणि ती माझ्या पर्समध्ये बोंडं शोधायला लागली.