वरणात मीठ कोण टाकणार?

पार्वताबाईला खूश करायला मायानं काय काय केलं नाही! हिवरखेडच्या पलीकडची एक छोटी शाळा, दुपारचा आहार रांधायला बायका दोनच. पार्वताबाई नऊ वर्षांची जुनी, माया तीन महिन्यांची नवी. मायानं लिंबाचं लोणचं नेलं, लुगड्याची तारीफ केली, वरणाचं जड पातेलं, म्हणजे गंज, आधी आपणच उचललं. पार्वताबाई ढिम्म! चहा दिला की प्यायची, कप विसळायची आणि पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायची.

“मामी, त्या बुढीचा माह्यावर राग हाये,” माया घरी सासूला सांगायची.

“मंग विचार ना तिले, काहून म्हनून!” सासू, इंदूबाई, म्हणायची.

“अन् तिनं सांगितलं तं?”



बारा वर्षं लोकांच्या वावरात निंदण-खुरपण केल्यावर मायाचं नाव पहिल्यांदाच कुठल्या कागदावर लागलं होतं. पोरगी त्याच शाळेत चौथीत. “आज मायनं रांधलं!” असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची. हे काम जाऊ नये, एवढंच मायाचं मागणं होतं.

पण एका चुलीवर दोन मुक्या बायका, मग व्हायचं तेच झालं. पोरांना वाढायच्या आधी शाळेच्या मॅडमनं घास चाखायचा आणि चवीच्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम. सोमवारी प्रियदर्शनी मॅडमनं वरण तोंडात घेतलं आणि थेट नळाकडे पळाल्या. मीठ मायानं टाकलं होतं, पार्वताबाईनंही टाकलं होतं. विचारायचं कुणी कुणाला? मंगळवारी दोघीही शहाण्या झाल्या. दुसरीनं टाकलंच असणार म्हणून एकीनंही मिठाला हात लावला नाही. वरण ठार अळणी!

“हा दुसरा शेरा,” मॅडम वही उघडून म्हणाल्या. “तिसरा पडला तर एकीला घरी बसावं लागेल. चूक कोणाची? नाव लिहिते.”

मायाच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या बाईचंच नाव लागणार, दुसरं काय!

“माह्यी,” पार्वताबाई म्हणाली. “सोमवारी न चाखता वरून मीच टाकलं. आजबी मीच इसरली. लिहा माह्यं नाव, दोनी डाव.”

मॅडमनी लिहिलं. माया पार्वताबाईच्या मागोमाग मोरीपाशी गेली.

“मावशी, मले वाटे मी तुमाले आवडत नाही.”

“नाहीच आवडत,” पार्वताबाई गंज घासता घासता म्हणाली. “सकाळपासून मागं मागं फिरतं. कांदा असा कापतं, जसा बैलाले टाकाचा हाये.”

“मंग चूक काहून घेतली सोतावर?”

“आवडनं येगळं व पोरी. मीठ माह्या हातानं पडलं, तं तुह्यी भाकर काहून जाईल?”

मायाला रडू यायला हवं होतं, आलं मात्र हसू. तीन महिने जे ऐकायची धास्ती होती, ते ऐकून झालं आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट जीव कसा हलका झाला!

बुधवारी वरणाला उकळी फुटली. आता वहीत दोन्ही शेरे पार्वताबाईच्या नावावर. तिसरा पडला तर नऊ वर्षांची बाई घरी बसणार, आणि मायाला ते मुळीच चालणार नव्हतं. तिनं मिठाचा डबा उचलला, कंबरेवर हात ठेवला आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

“मावशी! तुमीबी मले आवडत नाही! मीठ टाकलं काय?”

पार्वताबाईनं मान वळवली. पदर तोंडाला लावून अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

“नाही टाकलं व बह्याडे,” ती म्हणाली. “टाक तूच. पन आदी मले चाखू दे.”