पप्पांचं ‘हो, बरं’

यंदा जर्मनीला निघाले तेव्हा पप्पा टॅक्सीपर्यंत आले नाहीत. चिखलीतल्या आमच्या फ्लॅटचं दार उघडं ठेवून आत पाठमोरे बसून राहिले. “पोचलीस की कळव,” एवढंच म्हणाले.

पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी बिल्डिंग खाली उतरली होती आणि पप्पा सर्वांत पुढे होते. लातूरकडून आलेला हा माणूस चाकणच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करून रिटायर झाला. मम्मी गेल्यावर घरात आम्ही दोघंच, तरी त्यांनी मला पाठवलं.

तिथल्या लॅबमध्ये आम्ही प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला वायू, चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतो. तो सारखा भांड्याच्या भिंतीकडे कलतो, आणि भिंतीला टेकला की विझतो. त्याची बारीकशी थरथर सेन्सरनं हेरून चुंबकांनी त्याला सावरायचं, हे माझं काम. ते जमू लागलं तशी आणखी तीन वर्षं राहाल का, अशी विचारणा झाली. मी व्हिडिओ कॉलवर पप्पांना विचारलं. ते हसले. “हो, बरं,” म्हणाले. मी सही केली.

दिवाळीला घरी आले तर माझ्या खोलीला नवा रंग, खिडकीशी नवं टेबल.

“ताथवड्याच्या कॉलेजात बोलून ठेवलंय,” पप्पा खुशीत म्हणाले. “शिकवायला माणूस पायजे त्यांना.”

“पप्पा, मी परत जाणारे. फोनवर विचारलं होतं ना तुम्हाला?”

“काय?” त्यांनी कान पुढे केला. मी ओरडून सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले.

“फोनवरचं मला कुठं ऐकू येतंय, बाई. प्रेसनं कान खाल्ले. तू बोलताना खुश दिसायचीस, म्हणून बरं म्हणायचो.”

वायूची थरथर ओळखणाऱ्या मला हे कधीच कळलं नव्हतं.

“मग आता विचारते. जाऊ?” मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “नको जाऊस.”

तरी मी गेले. प्रयोग अर्ध्यावर होता, हे कारण खरं आहे. मला तिथलं आयुष्य आवडतं, हे त्याहून खरं. जाण्याआधी कानाचं मशीन आणून दिलं. डोकं दुखतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलंय.

तुमच्यापैकी जे असेच निघून गेले, त्यांना घर कसं दिसतं, माहीत नाही. मला ते रविवारी फोनवर दिसतं. पप्पा विचारतात, “कधी येतीस?” मी मोठ्या अक्षरांत टाइप करते, ‘पुढच्या वर्षी’. ते चष्मा लावून अडखळत, मोठ्यानं वाचतात, आणि माझं उत्तर त्या घरात त्यांच्याच आवाजात उमटतं.