बाहेर उघडणारं दार

मेस्त्रीच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता, अंगठ्याचं थोटूक होतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात तो एकवीस वर्षं सुतारकाम करत होता, आणि त्या थोटकानं खिळा धरून असा नेमका ठोकायचा, की धडधाकट हातांचे सुतार बघत राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचा, "नव्या कारखान्यात पाहुणचार झाला होता."

पाहुणचार असा होता. चोविसाव्या वर्षी एक कारखाना सोडून तो दुसऱ्यात गेला. पहिल्याच आठवड्यात चौघांनी त्याचा हात बाकावर दाबून धरला आणि पाचव्यानं हसत हसत हातोडा घातला. नव्याला आपल्यात घ्यायची ती रीत होती म्हणे. मेस्त्री दीड महिना गप्प राहिला. मग एका सकाळी त्यानं लाकूड तासायच्या वाकसाच्या एका घावात त्या पाचव्याचा गुडघा फोडला. आठ महिने तुरुंगात काढले. ही दुसरी अर्धी गोष्ट बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

वसतिगृहात दरवर्षी, वर्ष निम्मं सरल्यावर, दुसऱ्या विद्यापीठांतून बदलून आलेली पाच-सात मुलं यायची. बाकीच्यांची टोळकी तोवर केव्हाच जमलेली असायची. ह्यांना उरलेल्या खोल्या मिळायच्या आणि नाव मिळायचं, पार्सल. पहिल्या आठवड्यात पार्सल फोडायचं. म्हणजे लाथा घालून दाराची कडी उचकटायची, आतल्याला ओढून बाहेर आणायचं आणि पट्ट्यानं, बुटानं, हाताला येईल त्यानं बडवायचं. दुसऱ्या दिवशी मेस्त्री नवी कडी बसवायला जायचा, तेव्हा फरशीवर कधी दात सापडायचा, कधी घाईनं पुसलेलं रक्त. रेक्टरसाहेब म्हणायचे, "पोरं आहेत हो. तुम्ही दाराचं बघा."

मेस्त्री दाराचं बघायचा, आणि कुणी न सांगता त्या मुलांचंही बघायचा. कुठली भिंत ओल धरते, पाणी किती वाजता जातं, कार्यालयातल्या कुठल्या खिडकीवर जुन्या विद्यापीठाचे कागद हरवत नाहीत, हे सगळं तो कडी ठोकता ठोकता सांगून टाकायचा.

यंदा कोपऱ्यातल्या खोलीत एक चष्मेवाला आला. त्याच्या जुन्या विद्यापीठात त्याचा विभागच बंद पडला होता. इथून पळाला तर शिक्षण संपलं. "परत जायला जागाच नाही, काका," तो म्हणाला.

त्या दिवशी मेस्त्रीनं नुसती कडी बदलली नाही, दारच उलटं फिरवलं. आत उघडणाऱ्या दाराला लाथ बसली की सगळा भार एका कडीवर येतो. बाहेर उघडणारं दार लाथेनं चौकटीत आणखी घट्ट बसतं.

मंगळवारी संध्याकाळी टोळक्याचा म्होरक्या, लंबू, पळत आला आणि त्यानं सगळा जोर लावून लाथ घातली. दार हललं नाही. लंबूचा घोटा ओली फांदी पिळावी तसा मोडला.

"एका लाथेत गार," मेस्त्रीनं घरी सांगितलं.

बायको भांडी आवरत होती. "खूश होऊ नका. मोडलेलं हाड गप्प बसतं का? तुम्हाला नको सांगायला."

रविवारी दुपारी मेस्त्री भोजनगृहातलं बाक दुरुस्त करत होता. वरच्या मजल्यावरून धूर येताना दिसला तसा तो हत्यारांची पिशवी घेऊन धावला. कोपऱ्यातल्या दाराच्या मुठीतून खाटेचा लोखंडी दांडा आडवा घालून तारेनं आवळला होता. दाराच्या फटीशी गादी पेटवलेली होती. आतून खोकल्याचा आणि दारावर धडका मारल्याचा आवाज येत होता. लंबू प्लास्टरचा पाय लांब करून स्टुलावर बसला होता.

"तुमचंच दार, मेस्त्री," तो म्हणाला. "बाहेर उघडतं ना? उघडा की."

मेस्त्रीनं पायानं गादी उडवली आणि तारेला हात घातला. लंबूच्या टोळक्यातल्या दोघांनी त्याला मागे खेचलं. पट्ट्याचं बक्कल तोंडावर बसलं, दात तुटून जिभेवर आला. त्याचा हात पिशवीत गेला आणि वाकसाच्या मुठीला लागला. समोर लंबूचा धड गुडघा होता, अगदी घावाच्या उंचीवर. हाताला ते वजन अजून पाठ होतं.

तेवढ्यात आतला खोकला थांबला.

मेस्त्रीनं वाकस सोडला, हातोडा आणि जाड खिळा काढला. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही बाहेरच असतात, हे त्या मजल्यावर त्याच्या एकट्याच्या ध्यानात होतं. थोटकानं खिळा धरून त्यानं खालच्या बिजागरीची खिळी उडवली. पाठीवर पट्टा पडत होता. मधली उडाली. कान फुटला. वरचीही उडाली. फटीत पटाशी घालून त्यानं दार बिजागरीच्या बाजूनं उपसलं.

धुरातून चष्मेवाला बाहेर आला. त्याच्या हातात खुर्चीचा मोडलेला पाय होता आणि समोर दिसलेल्या पहिल्या डोक्यात त्यानं तो घातला. डोकं मेस्त्रीचं होतं.

"काका?" तो म्हणाला.

अकरा टाके पडले. लंबूला आणि त्या दोघांना काढून टाकलं, बाकीचे राहिले. दार पुन्हा आत उघडणारं करा, असा हुकूम निघाला. आठव्या दिवशी चष्मेवाला सुतारखोलीत आला. खुर्चीचा तोच पाय त्यानं पुढे केला.

"टोकाला खिळे मारून द्या ना, काका. उरलेले अजून माझ्याच मजल्यावर आहेत."

मेस्त्रीनं पाय हातात घेतला. त्याला अंगठ्याची गोष्ट सांगितली, आणि मग गुडघ्याचीही.

"बरं वाटलं का मग?" पोरानं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. तो अजून लंगडतो रे. बाजारात दिसला की मीच रस्ता बदलतो."

बोलता बोलता त्यानं पायाला सरस लावला, दुरुस्तीला आलेली तीच मोडकी खुर्ची उलटी केली आणि तो जागच्या जागी ठोकून बसवला. "घे. बसायला दिलीय."

सोमवारी समोरच्या खोलीत नवं पार्सल आलं. मेस्त्री तिथं कडी बसवायला गेला, तर चष्मेवाला त्या दाराबाहेर खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसलेला. थोड्या वेळानं जिन्यावर बुटांचे आवाज आले, चार-पाच जणांचे. चष्मेवाल्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. उठला मात्र नाही.

मेस्त्रीनं पिशवी खाली ठेवली. वाकस त्यानं आठवड्यापूर्वीच घरी ठेवला होता. खुर्चीला लागून तो फरशीवर मांडी घालून बसला, आणि दोघं जिन्याकडे बघत राहिले.