दोन केळी पदरात

म्हैसूरमध्ये कुणाच्याही घरातून रिकाम्या हातानं बाहेर पडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय. गृहप्रवेश असो, बारसं असो, नाहीतर नुसतं मिक्सरचं भांडं परत करायला गेलेलं असो, आपण चपला घालायला लागलो की घरातली बाई "एक निमिषा" म्हणत आत जाते आणि विड्याची पानं, सुपारी आणि दोन केळी घेऊनच बाहेर येते. ह्याला तांबूल म्हणतात. केळं एकटं कधी देत नाहीत, जोडीच द्यायची. नको म्हणून बघा. समोरचीचा चेहरा असा पडतो की वाटावं, आपण तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बरं, घरातून सुटलात तर देवळात केळी. देवळातून सुटलात तर कोपऱ्यावरच्या गाडीवर कच्च्या केळ्याची भजी. आयुधपूजेला रिक्षाच्या दोन्ही बाजूंना केळीचे कोंब बांधलेले. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीलाही केळीचे खांब लागतात, आणि तिथं पाण्याची बाटली न्यायला मात्र सक्त मनाई आहे.

हे सगळं मी इतकी वर्षं हसून घेत होते. आईची किडनी बिघडली आणि माझं हसू संपलं.

बाबा गेल्यावर आई वर्षभर मिरजेच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. मग मी तिला म्हैसूरला, बोगादीत आमच्याकडे आणलं. इथं आल्यावर तपासण्यांत निघालं की किडनी अर्ध्याहून कमी काम करतेय. डॉक्टरांनी पहिल्यांदा नाव घेतलं ते पोटॅशियमचं. ते रक्तात साठत जातं, बाहेरून काही कळत नाही, आणि एक दिवस हृदयाचे ठोकेच चुकतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग काय खायचं नाही ते सांगायला सुरुवात केली. शहाळं नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. आणि केळं? "केळं तर अजिबातच नाही," डॉक्टर म्हणाले. कच्च्या केळ्याची भाजी हवीच असेल तर सालं काढून, पातळ चिरून, कोमट पाण्यात भिजवून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून मग करायची, असं तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं सांगितलं.

"म्हणजे उरला चोथा," आई म्हणाली. "तो नवऱ्याला घाल तुझ्या."

पथ्य तिनं पाळलं. बटाटा सोडला, टोमॅटो सोडला, शहाळ्याकडे बघितलं नाही. केळ्याचं मात्र काही केल्या जमेना. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घरी ती जायची आणि दोन केळी पदरात घेऊन यायची. आईला कानडी येत नाही. तरी तिच्या चारपाच मैत्रिणी झाल्या होत्या, कारण शेजारच्या काकू तिला हाताशी धरून सगळीकडे न्यायच्या. ह्या काकूंचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. त्या घरात मराठी बोलतात, पण ते मराठी अर्ध्या वाटेवर कानडी होतं आणि पुन्हा परत येतं. आईला ते अगदी समजतं. मला निम्मं.

"अगं, घेऊ नकोस ना," मी आईला सांगायची.

"पदरी पडलं, पवित्र झालं. दिलेलं परत करायचं नसतं."

"मग घे, पण खाऊ नकोस."

"मग खा तुम्ही दोघं."

आम्ही खाल्ली. शिकरण केलं, कोशिंबीर केली, पिठात कालवून गोड पुऱ्या केल्या. शेवटी नवरा म्हणाला, मला आता केळ्याचा वास आला तरी मळमळतं. टोपलीत केळी काळी पडायला लागली, चिलटं घोंघावायला लागली, तेव्हा एका रविवारी मी सगळी उचलून ओल्या कचऱ्यात टाकली. आई दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून मी ऑफिसातून यायच्या आत टोपली रिकामी व्हायला लागली.

पुढच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम वर गेलेलं. मी विचारल्यावर तिनं लपवलंही नाही. "खाल्ली मी. टाकून द्यायला नकोत म्हणून खाल्ली." डॉक्टर तिला काही बोलले नाहीत. मला बोलले. तुम्ही शिकलेल्या आहात, घरात लक्ष ठेवता येत नाही का, पुढच्या वेळी त्यांना इथंच ठेवून घ्यावं लागेल. आई शेजारी बसून माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच पथ्य मोडून आलेय.

त्या संध्याकाळी माझा संयम सुटला. म्हटलं, आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून. मी गल्लीत घरोघर गेले. ऑफिसातल्या मुलीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, "नम्म अम्मनिगे बाळेहण्णु कोडबेडी", आमच्या आईला केळी देऊ नका. प्रत्येक दारात उभं राहून ते म्हटलं, किडनीकडे बोट दाखवलं, वर हात जोडले. काकूंना मराठीत सविस्तर सांगितलं. सगळ्याजणी माना डोलवत होत्या. "अय्यो पाप," म्हणाल्या, म्हणजे बिचारी, आणि नक्की देणार नाही म्हणाल्या. निघताना मला तांबूल दिलं. मी ते निमूटपणे घेतलं. काय करणार.

म्हैसूरची माणसं सांगितलेलं ऐकतात, हे मी गृहीत धरलं नव्हतं. आईच्या पदरात त्यानंतर एकही केळं आलं नाही. पोटॅशियम खाली आलं. मी ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मग नवरात्र आलं. इथं नवरात्रात घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, राजाराणी, वाणी, लग्नाची वरात, सगळं. संध्याकाळी बायका एकमेकींकडे बाहुल्या बघायला जातात, बसतात, गाणी म्हणतात, चण्याची उसळ खातात. आदल्या वर्षी आई रोज गेली होती. यंदाही पहिल्या दिवशी तिनं दुपारीच इरकल काढलं, केस विंचरले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. मी घरी आले तेव्हा दिवे लागून गेले होते आणि ती अजून तिथंच होती.

"गेली नाहीस?"

"बोलवायला येतील आता. उशीर झाला असेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. रेशमी साड्या नेसलेल्या बायका आमच्या फाटकावरून घोळक्यानं चालल्या होत्या. आईकडे बघून हसल्या, हात हलवला आणि पुढे गेल्या. आईनंही हात हलवला. मला इतका संताप आला की पर्स तशीच खांद्याला, मी तरातरा काकूंच्या घरी गेले. त्यांच्या हॉलमध्ये बायका बसल्या होत्या. काकूंना मी दारात बोलावलं.

"काकू, आईला का नाही बोलावलंत? तीन दिवस नटून बसलीय ती."

काकूंना माझ्याहून जास्त वाईट वाटत होतं, पण त्या हटल्या नाहीत. "कसं बोलवायचं, हेळम्मा, सांग बघू? तूच सांगून गेलीस देऊ नका म्हणून. नवरात्रात बाईला घरात बोलवायचं आणि काय न देता धाडायचं? तसं करायला येत नाही आमच्यात. पाप लागतंय."

"अहो, मग दुसरं फळ द्या. सफरचंद द्या. मी आणून देते."

"सफरचंद?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तांबुलात साबणाची वडी घालायला सांगितलीय. "ते आस्पत्रेत न्यायचं, पेशंटला. अक्का काय पेशंट हाय?"

"आहेच की!"

"तुज्या घरात असंल. माज्या घरात आली तर पाव्हणी."

मी कपाळाला हात लावला. घरी आले आणि जो राग काकूंवर काढता आला नाही, तो आईवर काढला. दोन केळ्यांपायी जीव द्यायचाय का तुला, म्हटलं. बटाटा सोडलास, टोमॅटो सोडलास, मग ह्याचाच काय सोस? आणि एवढी बाहुल्यांची हौस असेल तर चल, राजवाड्याजवळ मोठं प्रदर्शन असतं, तिथं कोणी केळी देत नाही, मी तिकीट काढते. बरंच बोलले. आई इरकलाच्या काठावरून बोट फिरवत ऐकत होती.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाबा गेल्यावर पहिल्या चैत्रात मिरजेला वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं."

मी म्हटलं, मग?

"त्यांच्या चैत्रगौरीची कैरीची डाळ मीच वाटून द्यायची, दरवर्षी. त्या वर्षी पण दिली. पातेलं घासून परत आलं. बोलावणं आलं नाही." ती अजिबात रडत नव्हती. हिशेब सांगावा तशी सांगत होती. "त्यांना दोष देत नाही गं. मी तरी माझ्या हळदीकुंकवाला कधी अशा बाईला बोलावलं होतं? मला ठाऊकच होतं. पण जिन्यात बायकांचा आवाज आला ना, तशी मी टीव्ही मोठा केला."

मी खांद्यावरची पर्स काढून तिच्या शेजारी बसले.

"इथं आले तेव्हा ह्या बाईनं हाताला धरून आत बसवलं. मी म्हटलं, मला चालत नाही. कुंकवाला नको म्हणाले, ते तिनं ऐकलं. पण केळी पुढं केली आणि म्हणाली, 'हण्णु हाय, फळ हाय, त्याला काय कळतंय?' मी पदर पसरला. किती दिवसांनी पसरला, काय सांगू तुला. ते केळं मी कचऱ्यात कसं जाऊ देईन?"

मला रडू आलं आणि रागही आला. खरं सांगायचं तर रागच जास्त. मिरजेच्या वरच्या मजल्याचा आला, त्या घासून परत आलेल्या पातेल्याचा आला, आणि ज्या आईनं गॅसचं बुकिंग माझ्या आधी मोबाइलवरून करायला घेतलं, ती जिन्यातल्या आवाजाला टीव्ही मोठा करत होती ह्याचा आला. आणि पोटॅशियम होतं तिथंच होतं. ते काही ही गोष्ट ऐकून कमी होणार नव्हतं.

"घ्यायची तर घे," मी शेवटी म्हटलं. "पण खायची नाहीत. एक घासही नाही."

"टाकायची पण नाहीत."

"मी खाईन."

"सगळी?"

"सगळी. दसऱ्यापर्यंत. मरते मी केळी खाऊन."

"असलं बोलू नये सणाचं," आई म्हणाली आणि लगेच चपला घालायला उठली.

काकूंच्या दारात मी पुन्हा उभी राहिले आणि माझ्या तोंडानं माझाच हुकूम मागे घेतला. द्या म्हटलं, खाणार मी आहे. काकूंनी खात्री करून घेतली, "आता कोडबेडी नाही नव्हं?" मग आईचा हात धरून तिला पुढच्या रांगेत, बाहुल्यांच्या अगदी समोर बसवलं. आईनं उसळ खाल्ली नाही, डाळींचंही पथ्य आहे ते तिला स्वतःहून आठवलं. तिथं तिनं आमच्या भागातलं एक भोंडल्याचं गाणं म्हटलं, कुणाला एक शब्द कळला नाही आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. निघताना काकू तबक घेऊन आल्या. आईनं दोन्ही हातांनी पदर धरला. पानं, सुपारी, दोन पिवळी पुट्टबाळे, इथली ती बोटाएवढी केळी. मग माझ्याही हातात दोन आली, कारण मी पण बाईच ना.

फाटकातल्या दिव्याखाली आई थांबली.

"फोटो काढ माझा."

"आता? घरी जाऊन काढू."

"इथंच काढ. केळी दिसली पाहिजेत." तिनं पदर थोडा पुढं केला. "आणि वरच्या मजल्यावरच्यांना पाठव. त्यांचा नंबर आहे माझ्या फोनमध्ये."

मी फोटो काढला. तिचे डोळे मिटले होते. दुसरा काढते म्हटलं तर नको म्हणाली, ह्यात केळी छान आलीत.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पहिलं केळं सोललं. आई समोर बसली. मी खातेय की नाही हे बघत होती, आणि मधूनमधून फोनकडे.

"पाहिला का त्यांनी?"

मी बघितलं. "पाहिलाय."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही अजून."

आईनं थोडा वेळ वाट बघितली. मग फोन पालथा घातला आणि उरलेली तीन केळी माझ्यापुढं सरकवली.

"काय म्हणणार," ती म्हणाली. "खा तू."