रहमानभाईंनी दातांनी ऐकलेला चाप

कमळाबाई म्हात्रे आठ वर्षं एका रिवॉल्व्हरच्या मालकीण होत्या, आणि त्या आठ वर्षांत त्यांनी त्याला एकदाही बोट लावलं नव्हतं. त्यांचे यजमान राघो पोस्टात कारकून होते, पण निशाणेबाजीचा नाद मोठा. ते गेले आणि परवाना बाईंच्या नावावर झाला. भिवंडीतल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बी.ए. झालेल्या या बाईंनी ते हत्यार लाकडी पेटीसकट कपाटात कुलूपबंद केलं. वर्षातून एकदा परवान्याच्या नूतनीकरणाला पेटी उघडून दाखवायची, तेवढाच काय तो संबंध.

मग त्यांची काशी एकोणीस वर्षांची झाली. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये तिने रायफल धरली आणि बापाचं रक्त बोललं. ठाण्याच्या रायफल क्लबात ती बापाच्याच रिवॉल्व्हरने नेम धरू लागली. परवाना आईचा, म्हणून हत्यार जिथे जाईल तिथे आई. दर रविवारी एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बाई अशा अवघडून बसत, की शेजारची बाई हमखास विचारायची, "काय हो, डब्यात दही हाय का?"

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत जिल्ह्याच्या संघाची निवडचाचणी जाहीर झाली आणि काशीचं घोडं एका जागी अडलं. रिवॉल्व्हरचा चाप जड होता. दाबताना मध्येच खरखरून अडायचा, मग एकदम सुटायचा, आणि त्या धक्क्याने नळी खाली झुकायची. क्लबातले शिकवणारे म्हणाले, "मुलीचा हात चांगला आहे. पण हा चाप आहे की विहिरीचा रहाट?"

भिवंडीत हत्यार दुरुस्तीचा परवाना एकाच माणसाकडे होता. अब्दुर्रहमान, म्हणजे रहमानभाई. त्यांचे वडील गावोगावच्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. रानडुकरं पिकात शिरायची, त्या काळात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पुढे रानं तुटली, डुकरं गेली, आणि गावात यंत्रमाग आले. रहमानभाईंनी वडिलांचा परवाना जपला, पण पोटासाठी लूमचे फिटर झाले. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर कान जवळजवळ गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडायला लागे.

रहमानभाईंनी पेटी उघडली, चक्री बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याची उजेडात खात्री केली, मग चाप हळूच दाबून पाहिला.

"बाई, हे कामच माझं हाय," ते म्हणाले. "लूमवर एक काटा असतो. बाण्याचा, म्हंजे आडवा धागा तुटला का तो काटा पडतो आणि लूम थांबतो. एका धाग्याच्या वजनावर चालला पायजे, इतका हलका. असे हजार काटे लावलेत या बोटांनी. चार दिवसांनी या."

चार दिवसांनी काशीने चाप दाबला आणि तिचे डोळेच मोठे झाले. "आई, लोण्यात सुरी!"

बाईंना मात्र धडकी भरली. "इतका हलका? आपोआप उडायचं!"

रविवारी क्लबात वेगळंच झालं. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी नुसता 'टक्' असा आवाज आला. शिकवणारे ओरडले, "नळी तशीच समोर धर! हलू नकोस! उशिरा पेटू शकतं!" काशी अर्धं मिनिट हात लांब करून पुतळ्यासारखी उभी राहिली. मागच्या बाकावर कमळाबाईंनी ते अर्धं मिनिट श्वासच घेतला नाही. काडतूस पेटलं नाही. पाचांतली दोन तशीच फुकट गेली.

परतीची एस.टी. मानकोलीला आली. तिथे बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी निवड आहे, त्याआधी हे नीट झालं तर झालं. तिथे एक जरी काडतूस असं अडलं, तर सोमवारी मी हे पोलीस ठाण्यात जमा करणार. कायमचं. तुझे बाबा गेले, मला आता दुसरं काही घालवायचं नाहीये."

काशीने खिडकीबाहेर बघितलं. आई बोलते तसं करते, हे तिला माहीत होतं.

रहमानभाईंसमोर काशीने वापरलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं ठेवली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक टोपण फिरवून पाहिलं. तिसऱ्यावर त्यांचा चेहरा पडला.

"चूक माझी हाय, बाई," ते सरळ म्हणाले. "मोठ्या काडतुसाच्या मधोमध टोपी असते, तिथं घोडा आपटला का झालं. हे बारीक काडतूस. याचा मसाला कडेच्या घडीत भरलेला. कड चेपायला घोडा जोरात बसायला पायजे. मी लूमचा माणूस, चाप हलका करायचा म्हनून जुनी काढून बारीक स्प्रिंगच बसवली. हे बघा, हा मार न्हाय. ही टिचकी हाय. बाप असता तर कानाखाली दिली असती."

आतून त्यांची बायको जुबैदा म्हणाली, "ऐकायला आली असती का पण कानाखालची?"

"काय म्हनतेस?"

"चहा घ्या म्हनते!"

बाईंना हसू आलं आणि रागही ओसरला. आपली चूक इतकी स्वच्छ कबूल करणारा माणूस त्यांनी शाळेतल्या मास्तरांतही क्वचित पाहिला होता.

"शुक्रवारी या," रहमानभाई म्हणाले. "लूम बंद असतात. मला शांतता पायजे."

बहिऱ्या माणसाला शांतता कशाला, हे बाईंना कळेना. शुक्रवारी कळलं.

शुक्रवारची भिवंडी म्हणजे ताप उतरलेलं अंग. रोज पायाखालची जमीनसुद्धा लूमच्या तालावर थरथरते, भिंतीला हात लावला तर भिंत बोलते. त्या दिवशी सगळं थांबलेलं होतं. रहमानभाईंनी जुनी, कडक स्प्रिंग डब्यातून शोधून परत बसवली होती. रिवॉल्व्हर शिकंज्यात धरलेलं, बाजूचं झाकण काढलेलं, आतलं बारीक यंत्र उघडं. त्यांनी सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी घेतली. तिचं एक टोक रिवॉल्व्हरच्या सांगाड्याला टेकवलं, दुसरं दातांत धरलं. डोळे मिटले. आणि अगदी हळू, केस ओढावा तसा, चाप मागे घेऊ लागले.

मध्येच थांबले. कांडी काढून म्हणाले, "इथं."

"काय इथे?"

"खरखर. कानाला न्हाय कळत. दाताला कळते. कारखान्यात हत्यार बनवताना कानशीचे वळ राहिलेत, चाप त्याच्यावर घासत जातो. इतकी वर्षं सगळे स्प्रिंगला शिव्या देतायत, आणि गुन्हेगार हा."

मग त्यांनी तेलाचा दगड घेतला. बोटाच्या नखाएवढ्या त्या लोखंडावर दोनदा, तीनदा फिरवायचा, पुसायचं, बसवायचं, कांडी दातांत धरायची, ऐकायचं. पुन्हा काढायचं. बाई शिक्षिका होत्या, मुलींना घोटून घोटून अक्षर सुधारायला लावणाऱ्या. पण असं घोटणं त्यांनी पाहिलं नव्हतं. दोन तास गेले. चहा निवून गेला.

एका जागी मात्र दगड गेला नाही. चापाचं टोक घोड्याच्या ज्या खाचेत अडकतं, ती खाच.

"तिथे पण घासा की, चाचा," काशी म्हणाली. "अजून हलकं होईल."

रहमानभाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती एक पाऊल मागे सरली. "पोरी, ती खाच म्हंजे दाराची कडी. ती झिजवली तर हातातून पडल्यावर बी घोडा सुटंल. मला तुझ्या आईला तोंड दाखवायचं हाय का न्हाय?"

कमळाबाईंच्या छातीतलं आठ वर्षांचं काहीतरी त्या वाक्याला सैल झालं.

"जुबैदा!" रहमानभाई ओरडले. "झालं!"

"तीनदा जेवायला हाक मारली, ती ऐकली न्हाय," जुबैदा दारात येऊन बाईंना म्हणाली. "आणि लोखंडाची कुजबुज ऐकतात. सांगा, अशा मानसाशी संसार कसा करायचा?"

रहमानभाईंनी झाकण लावलं, सहाही घरांत रिकामी टोपणं घातली, कडेची न चेपलेली बाजू वर करून. नळी मातीच्या पोत्याकडे केली. "बाई, मालक तुमी. तुमीच दाबा."

"मी? नको."

"तुमी न्हाय दाबलं तर तुमची भीती घरी जाईल, चाप इथं राहील."

कमळाबाईंनी हात पदराला पुसले. रिवॉल्व्हर त्यांना वाटलं होतं त्याहून लहान होतं आणि थंड. त्यांनी बोट ठेवलं. चाप घट्ट होता, हलका मुळीच नव्हता. पण तो सरकत होता, पाण्याखाली पाय सरकावा तसा, कुठेही न अडता. आणि मग तो क्षण आला, कधी आला ते न कळता. टक्. नळी तसूभरही हलली नव्हती. एवढ्याशा लोखंडात एका माणसाने इतकी शांतता कुठून आणून भरली, या आश्चर्याने बाई नुसत्या बघत राहिल्या, आणि मग पुन्हा दाबून पाहिलं. सहाही वेळा.

रहमानभाईंनी टोपणं भिंगाखाली धरली. सहाही कडांवर खोल, सरळ खूण.

"आता हा मार हाय," ते म्हणाले.

तरी रिकामं टोपण वेगळं, भरलेलं काडतूस वेगळं. रविवारी निवडीत तीस गोळ्या होत्या, पाच-पाचाच्या सहा फेऱ्या. बाई निशाणाकडे बघत नव्हत्या, नुसतं मोजत होत्या. तिसऱ्या फेरीत काशी थोडी जास्त थांबली, तेव्हा त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. मग आवाज आला. अठ्ठावीस. एकोणतीस. शेवटच्या गोळीला त्यांनी डोळे मिटले, आणि तीही फुटली.

काशी तिसरी आली. संघात चौघं घेणार होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर कमळाबाई पोलीस ठाण्याकडे वळल्या नाहीत. त्या सरळ रहमानभाई काम करत त्या लूमच्या कारखान्यात गेल्या. चोवीस लूम एका वेळी धडधडत होते आणि एका बंद लूमखालून रहमानभाईंचे नुसते पाय दिसत होते. बाईंनी हाक मारली, कामगारांनीही मारली. काही उपयोग नाही. शेवटी बाई साडी सावरून तिथेच उकिडव्या बसल्या, लूमखाली वाकल्या आणि दोन्ही हातांची दहा बोटं त्यांच्यासमोर तीनदा उघडली.

रहमानभाईंनी काळ्या तेलकट हाताने कपाळावरचा घाम पुसला. ओठ हलले. त्या आवाजात काही कळलं नाही, पण काय विचारतायत ते बाईंना समजलं.

"एकही अडली नाही!" त्या ओरडल्या. "एकही नाही!"